न उघडता पाहण्याची विद्या : सीटी स्कॅनचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत मेंदूच्या विकारांचे निदान करणाऱ्या डॉक्टरांपुढे एक मूलभूत अडचण होती. मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसे, फुप्फुसातील क्षयाचा डाग दिसे, मुलाने गिळलेले नाणेही दिसे. पण ज्या अवयवातील सुपारीएवढी गाठ माणसाची दृष्टी, वाचा किंवा चाल हिरावून घेऊ शकते, तो मेंदू मात्र त्या चित्रात जवळजवळ अदृश्यच राही. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हापासूनच ही मर्यादा त्या तंत्रात अंगभूत होती. शरीरातून आरपार जाताना हे किरण वाटेतल्या प्रत्येक थरात थोडेथोडे शोषले जातात आणि फिल्मवर उमटते ती या सगळ्या शोषणाची एकत्रित बेरीज, त्यामुळे पुढचे, मधले आणि मागचे सारे एकाच सावलीत मिसळून जाते. त्यातही कवटीचे हाड किरण पुष्कळ शोषते, तर मेंदूतील करडा भाग, पांढरा भाग, गाठ आणि साकळलेले रक्त यांच्या शोषणात काही टक्क्यांचाच फरक असतो, आणि तो हाडाच्या सावलीत बुडून जातो.

या अडचणीवर शोधलेले उपाय रुग्णाची कसोटी पाहणारे होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये कवटीला छिद्र पाडून मेंदूतील नैसर्गिक पोकळ्यांत हवा भरण्याची आणि मग क्ष-किरण चित्र घेण्याची रीत मांडली, तर पुढच्याच वर्षी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तीच हवा खालून वर सोडण्याची रीत काढली. मेंदूभोवतीचे पाण्यासारखे द्रव थोडे थोडे काढून घ्यायचे, त्याच्या जागी हवा सोडायची, रुग्णाला खुर्चीला पट्ट्यांनी बांधून पुढे, मागे, बाजूला असे कलते करायचे, म्हणजे हलकी हवा वर चढत एकेका पोकळीत शिरते आणि तिचा आकार फिल्मवर काळा उमटतो. पोकळी एका बाजूला ढकललेली किंवा दबलेली दिसली, तर गाठ तिच्या पलीकडे असणार असा तर्क बांधायचा. डोक्यात हवा शिरताच असह्य वेदना होत, ओकाऱ्या होत आणि डोकेदुखी कित्येक दिवस टिके. मेंदूवर आधीच दाब वाढलेल्या रुग्णाचा कधी कधी जीवही जाई. लिस्बनचे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मानेच्या धमनीत अपारदर्शक औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्याची पद्धत आणली. तीत यातना कमी असल्या, तरी धमनीत सुई खुपसण्याचा धोका होताच. महत्त्वाची गोष्ट अशी, की या दोन्ही पद्धतींत दिसे ती गाठ नव्हे, तर गाठीने शेजाऱ्याला दिलेला धक्का. निदान अनुमानावर उभे राही, आणि अनुमान थिटे पडले की शल्यविशारद कवटीला छिद्रे पाडून किंवा पोट उघडून प्रत्यक्ष पाहत. जाणून घेण्यासाठी शरीर उघडणे ही त्या काळाची रुळलेली प्रथा होती, आणि सीटी स्कॅनचा इतिहास हा मुख्यतः ही प्रथा मोडीत निघण्याचा इतिहास आहे.

सावल्यांच्या या गर्दीतून एकच थर वेगळा काढण्याचे प्रयत्न पूर्वीपासून चालू होते. क्ष-किरणांची नळी आणि फिल्म परस्परविरुद्ध दिशांनी एकाच वेळी सरकवली, तर मधल्या एका पातळीवरील भाग स्पष्ट राहतो आणि बाकीचे पुसट होते, या तत्त्वावर दोन महायुद्धांमधल्या काळात इटलीतील व्हालेबोना आणि नेदरलंड्समधील झिडसेस देस प्लांटेस यांनी उपकरणे घडवली. टोमोग्राफी, म्हणजे शरीराच्या एका कापाचे चित्रण, हे नाव या परंपरेतले आहे, आणि सीटी म्हणजे संगणकाच्या आधारे केलेली टोमोग्राफी. परंतु त्या चित्रांत नको असलेले थर नाहीसे होत नसत, ते केवळ धूसर होऊन हव्या त्या थरावर पसरत, आणि मेंदूसारख्या मऊ अवयवासाठी तेवढे पुरेसे नव्हते.

खरा मार्ग गणितातून निघाला, आणि तो वैद्यकाच्या बाहेरच्या माणसांना सुचला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे ॲलन कॉरमॅक यांना १९५६ मध्ये तेथील ग्रूटे शूर रुग्णालयात आठवड्यातील काही वेळ काम करावे लागले, कारण किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावर एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख असावी असा कायदा होता आणि रुग्णालयातील ती जागा रिकामी झाली होती. तेथे कर्करोगावरील किरणोपचारांच्या मात्रा ठरवताना शरीर म्हणजे जणू सर्वत्र सारख्याच घनतेचे द्रव्य आहे असे धरून आकडेमोड केली जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. हाड, फुप्फुस आणि स्नायू किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, तेव्हा शरीराच्या आतील प्रत्येक बिंदूचा शोषणांक ठाऊक असल्याशिवाय मात्रा अचूक कशी ठरणार, हा त्यांचा प्रश्न होता. शोषणांक म्हणजे एखादे द्रव्य ठरावीक अंतरात किती किरण गिळते त्याचे माप. अनेक दिशांनी किरण सोडून बाहेर मिळणाऱ्या मोजमापांवरून आतील हे सगळे अंक काढता येतील, असे त्यांनी गणिताने दाखवले. कागदावर आखलेल्या चौकटीतील आकडे झाकून ठेवायचे, त्यांच्या आडव्या, उभ्या आणि तिरप्या ओळींच्या बेरजा तेवढ्या सांगायच्या आणि त्यांवरून झाकलेला एकेक आकडा ओळखायचा, अशा कोड्याच्या जातीचाच हा प्रश्न आहे; फरक एवढाच, की येथे घरे हजारो असतात.

कॉरमॅक यांनी पहिला प्रयोग केला तो मध्ये ॲल्युमिनियमची गोल कांब आणि तिच्याभोवती लाकडाचे कडे अशा साध्या नमुन्यावर. कोबाल्टच्या किरणांनी मोजमापे घेऊन त्यांनी हिशेब मांडला, तर अगदी मधोमध शोषणांक किंचित कमी भरला. ही मोजण्यातली चूक वाटण्याजोगी होती. पण चौकशीअंती असे निघाले, की कांबीच्या मध्यभागी वेगळ्या, शुद्ध ॲल्युमिनियमची खुंटी बसवलेली होती आणि बाहेरचा भाग मिश्रधातूचा होता. डोळ्यांना न दिसणारा, प्रयोग करणाऱ्यालाही ठाऊक नसलेला भेद केवळ गणिताने उघड केला, आणि पुढे मेंदूत जे घडायचे होते त्याचा हा पहिला पुरावाच होता. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात गेल्यावर त्यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये या विषयावर दोन निबंध प्रसिद्ध केले, पण वैद्यकविश्वाने त्यांची जवळजवळ दखलच घेतली नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्या मोजक्या पत्रांपैकी एक स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून आले होते. या प्रश्नाचे शुद्ध गणिती उत्तर ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच देऊन ठेवले होते, हेही कॉरमॅक यांना पुष्कळ वर्षांनी कळले. ज्ञान असते, पण ज्याला त्याची गरज आहे त्याच्या टेबलापर्यंत ते पोहोचत नाही, याचे याहून बोलके उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. लॉस एंजेलिसचे मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम ओल्डेंडॉर्फ यांनीही १९६१ मध्ये लोखंडी खिळे रोवलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर असाच प्रयोग यशस्वी केला होता, परंतु त्यांनाही उत्पादक मिळाला नाही.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना यांपैकी कशाचीच कल्पना नव्हती. १९१९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरमध्ये जन्मलेला आणि शेतावर वाढलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडारचे काम शिकला, त्यानंतर त्याने लंडनमध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९५१ मध्ये तो ईएमआय या कंपनीत रुजू झाला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. ही कंपनी सर्वसामान्यांना ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे ठाऊक असली, तरी तिच्या संशोधनशाळेत रडारपासून संगणकापर्यंत बरेच काही घडत होते, आणि पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ब्रिटनमधील आरंभीच्या संगणकांपैकी एक हाउन्सफील्ड यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला होता. पुढे संगणकाच्या स्मृतीविषयीचा त्यांचा एक प्रकल्प व्यापारी दृष्ट्या न परवडणारा ठरून बंद पडला, तेव्हा वरिष्ठांनी लगेच दुसरे काम न सोपवता नव्या विषयाचा विचार करण्यासाठी त्यांना मोकळीक दिली. १९६७ मध्ये या मोकळ्या वेळात त्यांना सुचले ते असे, की बंद पेटीतून सर्व दिशांनी किरण सोडून मोजमापे घेतली, तर पेटीत काय आहे ते संगणक सांगू शकेल. कॉरमॅक सूत्रांच्या वाटेने गेले होते, तर हाउन्सफील्ड यंत्राच्या. एकाच प्रश्नाला दोघे दोन टोकांनी भिडले, आणि त्यांतल्या दुसऱ्याच्या हाताशी संगणक होता.

लंडनजवळील हेज येथील प्रयोगशाळेत त्यांनी उभारलेले पहिले उपकरण एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर बसवलेले होते. एका बाजूला अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा गॅमा किरणांचा स्रोत, समोर किरण मोजणारा स्फटिक आणि मध्ये तपासायचा नमुना; किरणांची सरळ रेघ नमुन्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायची, मग नमुना एक अंशाने फिरवायचा आणि पुन्हा तेच. स्रोत इतका मंद होता, की एका कापाची सुमारे २८,००० मोजमापे गोळा व्हायला ९ दिवस लागत, आणि त्यांवरून चित्र काढायला मोठ्या संगणकालाही अडीच तास लागत. स्रोताच्या जागी क्ष-किरणांची नळी आली, तेव्हा ९ दिवसांचे काम ९ तासांवर आले. संग्रहालयातून आणलेल्या मानवी मेंदूची चित्रे प्रथम अतिशय उत्साहवर्धक निघाली, पण जतनासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे ऊतींमधील भेद अवास्तव ठळक झाल्याचे नंतर लक्षात आले. म्हणून हाउन्सफील्ड यांनी ताजे बैलांचे मेंदू आणायचे ठरवले. सामान्य कत्तलखान्यात जनावराच्या डोक्यावर आघात करून त्याला बेशुद्ध केले जात असल्याने मेंदूत रक्तस्राव होई, त्यामुळे ते मेंदू यहुदी धर्मनियमांनुसार कापणाऱ्या खाटकांकडून मिळवावे लागले. ते पिशवीत घालून लंडनमधून प्रयोगशाळेपर्यंत नेणारा हा अबोल, अविवाहित अभियंता डोळ्यांसमोर आणला, की मोठे शोध किती साध्या, चिकाटीच्या कामातून आकाराला येतात ते जाणवते आणि त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

बीटल्स या प्रसिद्ध गायकवृंदाच्या तबकड्यांवर कमावलेल्या पैशांतून ईएमआयने सीटी स्कॅनर घडवला, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण तिला पुराव्याचा आधार अपुरा आहे. कंपनीचा पैसा त्यात होताच. तथापि ब्रिटनच्या आरोग्य खात्याने या कामासाठी दिलेली रक्कम कंपनीच्या स्वतःच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक होती, आणि या खात्यातील अधिकाऱ्यांनीच हाउन्सफील्ड यांची गाठ रुग्णालयांतील क्ष-किरणतज्ज्ञांशी घालून दिली. सार्वजनिक पैशाचा आणि सार्वजनिक रुग्णालयाचा हा वाटा गायकांच्या कीर्तीआड झाकला जाणे अन्यायाचे आहे.

त्या तज्ज्ञांपैकी जेम्स ॲम्ब्रोज हे लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्लीज या मेंदूविकारांच्या रुग्णालयात काम करत होते. पहिले यंत्र तेथेच बसवण्यात आले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. कपाळामागच्या भागात गाठ असावी असा संशय असलेली ती एक मध्यमवयीन स्त्री होती. तिचे डोके पाण्याने वेढलेल्या रबरी टोपीत अडकवले गेले, नळी आणि स्फटिक यांची जोडी डोक्यावरून सरकत, एकेक अंश वळत १८० वेळा फिरली, आणि चुंबकीय फितीवर नोंदलेली मोजमापे गणनेसाठी ईएमआयच्या संगणकाकडे पाठवावी लागली, कारण रुग्णालयात संगणकच नव्हता. परत आलेले चित्र ८० आडव्या आणि ८० उभ्या ओळींतील ६,४०० चौकोनांचे, आजच्या दृष्टीने फारच ओबडधोबड होते. तरीही मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात द्रवाने भरलेली गोल गाठ त्यात स्पष्ट दिसत होती, आणि शस्त्रक्रियेत ती तशीच, तेथेच सापडली. जिवंत माणसाचा मेंदू हवा न भरता, धमनीत सुई न घालता आणि कवटी न उघडता दिसण्याची ही पहिलीच वेळ. एप्रिल १९७२ मध्ये लंडनमधील क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेत हे काम जाहीर झाले, आणि त्याचा तपशील १९७३ मध्ये शोधपत्रिकेतून प्रसिद्ध झाला.

या शोधाचे मर्म चित्रापेक्षा त्याखालच्या अंकांत आहे. स्कॅनर प्रत्येक चौकोनासाठी एक संख्या काढतो, आणि आज हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मापपट्टीवर पाणी ० वर, हवा उणे १,००० वर, चरबी साधारण उणे १०० वर आणि टणक हाड १,००० च्या आसपास येते. मेंदूतील करडा आणि पांढरा भाग २० ते ४५ या चिंचोळ्या पट्ट्यात असतात, तर नुकतेच साकळलेले रक्त ५० ते ८० च्या दरम्यान भरते. संगणक या पट्टीचा हवा तेवढाच तुकडा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणून दाखवू शकतो. म्हणून तीच मोजमापे एकदा हाडासाठी, एकदा फुप्फुसासाठी आणि एकदा मेंदूसाठी वेगळी लावून पाहता येतात, आणि साध्या फिल्मवर बुडून जाणारा काही टक्क्यांचा फरक येथे ठसठशीत होतो.

अमेरिकेत पहिली यंत्रे १९७३ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पोहोचली, आणि हवा भरण्याची जुनी तपासणी दशकाच्या आतच जवळजवळ हद्दपार झाली. यंत्राची किंमत तीन लाख डॉलरांच्या घरात असल्याने एवढा खर्च समाजाला परवडेल काय, यावर तेथे मोठा वाद झाला. आधुनिक वैद्यकाच्या खर्चावरील चर्चेत सीटी स्कॅनरचे उदाहरण तेव्हापासून सतत दिले जाते. डोक्यापुरते मर्यादित यंत्र संपूर्ण शरीरासाठी वापरण्याजोगे करण्यात जॉर्जटाउन विद्यापीठाचे रॉबर्ट लेडली आघाडीवर होते. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकाकडेही वैद्यकाची पदवी नव्हती आणि डॉक्टरेटही नव्हती. त्याच सुमारास ईएमआय मात्र मोठ्या अमेरिकी, जर्मन आणि जपानी कंपन्यांच्या स्पर्धेत मागे पडली आणि तिने हा व्यवसाय सोडला.

पुढची तांत्रिक वाटचाल मुख्यतः वेगाची आहे. एका रेघेऐवजी पंख्यासारखा पसरलेला किरणांचा झोत आला, १९८० च्या दशकाच्या अखेरीस तारांचा गुंता टाळून नळी अखंड फिरत ठेवता येऊ लागली आणि रुग्णाचा पलंग त्याच वेळी पुढे सरकत राहिल्याने शरीराची नोंद सर्पिलाकार होऊ लागली. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार काप घेणारी आणि पुढच्या काही वर्षांत ६४ काप घेणारी यंत्रे आली. श्वास रोखून धरण्याच्या अवधीत छाती आणि पोट तपासले जाऊ लागले, आणि धडधडणाऱ्या हृदयाच्या धमन्यांचेही चित्र घेता येऊ लागले.

या वेगाचा अर्थ तातडीच्या कक्षात सर्वांत स्पष्ट होतो. डोक्याला मार लागलेला माणूस आधी शुद्धीवर असतो, बोलतो आणि काही तासांनी अचानक बेशुद्ध होतो, कारण कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असते. पूर्वी अशा रुग्णाच्या कवटीला अंदाजाने छिद्रे पाडून रक्त कोठे आहे ते शोधले जाई. सीटीत ते भिंगाच्या आकाराच्या पांढऱ्या पट्ट्यासारखे काही मिनिटांत दिसते, आणि छिद्र नेमके तेथेच पाडले जाते. पक्षाघातात तर सीटीसारख्या चित्राशिवाय नेमका उपचार सुरूच करता येत नाही. अंगाची एक बाजू लुळी पडण्यामागे धमनीत अडकलेली गुठळी असू शकते किंवा फुटलेली रक्तवाहिनी असू शकते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या रुग्णाला वाचवते आणि दुसऱ्याचा जीव घेऊ शकते. हे औषध तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो असे अमेरिकेतील चाचणीने १९९५ मध्ये दाखवले, तेव्हा रक्तस्राव नसल्याची खात्री सीटीने करून घेणे ही त्या उपचाराची पहिली अट ठरली. पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि २०१५ मध्ये मोठ्या धमनीतील गुठळी नळी घालून ओढून काढण्याची उपयुक्तता सिद्ध झाल्यावर ती गुठळी नेमकी कोणत्या धमनीत आहे हेही सीटीनेच दाखवायचे ठरले.

पोटाच्या बाबतीत घडलेला बदल वेगळ्या स्वरूपाचा आहे. अपघातात पोटावर मार बसला, की आत रक्त आहे या शंकेवरून पोट उघडून पाहणे हा दीर्घकाळ शिरस्ता होता. प्लीहा किंवा यकृत किती फाटले आहे, रक्तस्राव चालू आहे की थांबला आहे, हे सीटीत मोजता येऊ लागल्यावर, रक्तदाब स्थिर असलेल्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रिया न करता केवळ निगराणीखाली ठेवता येते हे लक्षात आले. म्हणजे या यंत्राने शल्यविशारदाला वाट दाखवली तशीच थांबण्याची मुभाही दिली, आणि हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे आहे. १९७० च्या दशकातच कापाच्या चित्रावर पाहत पाहत सुई गाठीपर्यंत नेऊन तपासणीसाठी तुकडा काढणे आणि पोटात खोल साचलेला पू बारीक नळीने वाहून जाऊ देणे सुरू झाले, त्यामुळे निदानाचे यंत्र उपचाराचेही साधन बनले. आणि किरणोपचारांत आज रुग्णाच्या सीटीतील अंकांवरूनच प्रत्येक बिंदूवर किती मात्रा पोहोचेल याचा हिशेब मांडला जातो. ग्रूटे शूर रुग्णालयात कॉरमॅक यांना पडलेला मूळ प्रश्न तोच होता, आणि त्याचे उत्तर मेंदूच्या वाटेने वळसा घेऊन किरणोपचारांकडे परतले.

या लाभांना किरणोत्साराची किंमत आहे, आणि ती लपवून चालणार नाही. शरीराला पोहोचणाऱ्या किरणांचा परिणाम मिलीसिव्हर्ट या एककात मोजतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मात्रा मिळते, छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रातून तिचा अत्यल्प अंश मिळतो, तर डोक्याच्या सीटीतून सुमारे २ आणि पोटाच्या सीटीतून ८ ते १० मिलीसिव्हर्ट मिळतात. एका तपासणीने होणारा धोका लहान असतो, पण वाढत्या वयातील मुलांच्या पेशी अधिक संवेदनशील असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही मोठे असते. त्यामुळे २००१ पासून मुलांसाठी मात्रा कमी करण्याचा आग्रह जगभर वाढला. भारतात ही यंत्रे चालवण्यासाठी मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

कोविडच्या साथीत सीटी कधी करावी हा प्रश्न महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण देऊन २५ पैकी काढलेला आकडा नातेवाईक एकमेकांना फोनवर विचारू लागले, आणि ‘स्कोअर किती आला?’ हा त्या दोन वर्षांतला रोजचा प्रश्न झाला. तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने छातीच्या या तपासणीचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधून दिले. लक्षणे सौम्य असताना, प्राणवायूची पातळी व्यवस्थित असताना सीटी करू नये, असे तज्ज्ञ २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वारंवार सांगत होते; कारण अशा रुग्णांच्या फुप्फुसातही डाग दिसू शकतात, ते उपचारांविना विरून जातात, आणि डाग दिसला म्हणून नको ती औषधे सुरू होण्याचा धोका असतो. त्याच वेळी दम लागलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील धमनीत गुठळी अडकली आहे का, हे सांगणारी तपासणीही सीटीचीच होती, आणि कोणत्या रुग्णाला ती करायची हे प्रत्येक वेळी खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरलाच ठरवावे लागत होते.